कोंदणकामाची मूलभूत अवजारे

घासून गुळगुळीत केलेला खडा धातूच्या घरात पक्का बसवण्याच्या कामाला कोंदणकाम म्हणतात. या कामाच्या सर्वांत साध्या प्रकारात खड्याच्या भोवती मऊ धातूची पातळ पट्टी उभी केली जाते आणि तिची वरची कड खड्यावर चहूबाजूंनी दाबली जाते. खडा डिंकाने चिकटवलेला नसतो किंवा उष्णतेने जोडलेलाही नसतो. त्याला केवळ धातूची कड धरून ठेवते. त्यामुळे या कामाची बहुतेक अवजारे ही पट्टी अचूक मापाची करणे, तिला तळाशी जोडणे आणि खड्याला इजा न होता ती वळवणे या तीन गोष्टींसाठी असतात. अंगठी, पदक, कर्णफुले व बाळीवरचे फूल यांसारखे साधे दागिने मोजक्या हत्यारांनी बनवता येतात.

संज्ञा

मराठीत ‘कोंदण’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक अर्थ खडा ज्यात बसतो ते घर असा आहे. दुसरा अर्थ खड्याभोवती दाबून भरायचे अतिशुद्ध सोने असा आहे. राजस्थानातील कुंदन पद्धतीत हा दुसरा अर्थ लागू पडतो. तेथे दागिन्याच्या पोकळीत लाख भरून तीवर खडा ठेवतात आणि भोवतीच्या फटीत शुद्ध सोन्याचा पातळ वर्ख थरावर थर दाबून बसवतात. शुद्ध सोने मऊ असल्याने हे थर उष्णता न देताच एकजीव होतात. या लेखात कोंदण हा शब्द पहिल्या अर्थाने वापरला आहे.

मणी आणि खडा यांतील फरकही येथे महत्त्वाचा आहे. मण्याला आरपार छिद्र असते व तो दोऱ्यात किंवा तारेत ओवला जातो. त्याला कोंदण लागत नाही. छिद्र नसलेल्या खड्याला मात्र कशाने तरी धरून ठेवावे लागते. महाराष्ट्रीय नथीत या दोन्ही रीती एकत्र दिसतात. तिच्यातील मोती तारेत ओवलेले असतात, तर मधला लाल किंवा हिरवा खडा कोंदणात बसवलेला असतो.

तळ सपाट आणि माथा घुमटासारखा गोल असलेल्या खड्याला कॅबोशॉन म्हणतात. पैलू पाडलेल्या खड्याला खालून प्रकाश मिळावा म्हणून बहुधा नखीदार कोंदण करतात. घुमटी खड्याला सलग पट्टीचे कोंदण अधिक सोयीचे असते. नवशिक्या कारागिराने घुमटी खड्यापासून सुरुवात करण्याचा प्रघात त्यामुळेच पडला आहे.

खडे आणि दख्खनचा खडक

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस हे तालुक्याचे ठिकाण आहे. त्याच्या परिसरातून वाहणारी अरुणावती नदी पुढे पैनगंगेला मिळते. जिल्ह्याच्या पूर्वेकडील वणी भागात कोळसा व चुनखडक आढळतो. दिग्रस, दारव्हा, पुसद हा पश्चिमेकडील भाग मात्र दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांपासून बनला. लाव्हा थंड होताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकले व पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून अकीक, कॅल्सेडनी, सूर्यकांत आणि गारगोटीचे स्फटिक तयार झाले. बेसाल्ट झिजून त्याची काळी माती होते. पोकळीतला कठीण खडा मात्र टिकून राहतो आणि ओढ्यानाल्यांतून वाहत जातो. दख्खनच्या नद्यांच्या वाळूगोट्यांत पट्टेदार किंवा पांढुरके, अर्धपारदर्शक गोटे सापडतात ते यामुळे.

विदर्भात अशा दगडांना आकार देण्याची कला प्राचीन आहे. नागपूरजवळील माहूरझरी येथील महापाषाणयुगीन व आद्य ऐतिहासिक काळातील अवशेषांत अकीक व तांबड्या अकीकाचे मणी मोठ्या प्रमाणावर मिळाले असून ते मणिनिर्मितीचे केंद्र मानले जाते. आज अकीकाला घाट देण्याचे व चकाकी आणण्याचे देशातील सर्वांत प्रसिद्ध केंद्र गुजरातमधील खंभात हे आहे.

कोंदणासाठी खडा निवडताना त्याची कठीणता पाहावी लागते. मोह्सच्या १ ते १० या मापावर अकीक ६.५ ते ७ आणि गारगोटी ७ वर येते. माणिक व नीलम ९ वर असतात. फिरोजा ५ ते ६, तर पोवळे ३ ते ४ इतकेच कठीण असते. दख्खनच्या खडकातील झिओलाइट गटाचे स्फटिक दिसायला देखणे असले तरी मऊ व ठिसूळ असतात. स्टिलबाइटची कठीणता जेमतेम ३.५ ते ४ आहे. असे खडे अंगठीत टिकत नाहीत. अवजारांचे पोलाद साधारणतः ५.५ ते ६.५ या कठीणतेचे असल्याने त्याने अकीकावर सहसा ओरखडा उठत नाही. पोवळे व फिरोजा यांवर मात्र तो हमखास उठू शकतो. शिकण्यासाठी अकीक योग्य मानला जातो तो या कारणाने.

कोंदणाची रचना

साध्या कोंदणाचे तीन भाग असतात.

तळपत्रा: खडा ज्यावर टेकतो तो सपाट पत्रा. चांदीच्या कामात त्याची जाडी साधारण ०.५ ते ०.६ मिलिमीटर असते.

कोंदणपट्टी: खड्याभोवतीची उभी भिंत. ती शुद्ध चांदीची व सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची करतात. ९२५ ची चांदी म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी व उरलेले बहुधा तांबे. तांब्यामुळे ती कडक होते. शुद्ध चांदी मऊ असल्याने खड्यावर सहज वळते.

जोडभाग: अंगठीचे कडे, पदकाची कडी किंवा कर्णफुलाची काडी.

पट्टीची उंची हा या रचनेतील निर्णायक भाग आहे. खड्याची बाजू खालून सरळ वर येते आणि एका उंचीवर आत वळू लागते. पट्टी त्या वळणाच्या किंचित वर पोहोचली पाहिजे. तिथवर न पोहोचलेली पट्टी आत दाबूनही खड्याला धरत नाही. ती फार वर गेली तर खडा झाकला जातो आणि जादा धातूला सुरकुत्या पडतात. मध्यम घुमटाच्या खड्याला त्याच्या एकूण उंचीच्या एकतृतीयांश ते निम्मी पट्टी पुरते.

राशीचा खडा बोटाला लागला पाहिजे अशी अनेक ग्राहकांची अपेक्षा असते. अशा वेळी तळपत्र्याला मधोमध खिडकी कापतात व कडेला खडा टेकण्यापुरती अरुंद किनार ठेवतात. पारदर्शक खड्याला या खिडकीतून प्रकाशही मिळतो आणि चांदीचे वजन कमी होते.

अवजारे

मोजण्याची व आखण्याची

खड्याची लांबी, रुंदी व उंची मोजण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर लागतो. त्याने मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माप घेता येते. पट्टीवर समांतर रेघ आखण्यासाठी दोन टोकांचा कर्कटक आणि पत्र्यावर खूण करण्यासाठी पोलादी सुई वापरतात. बोटाचे माप घेण्यासाठी मापाच्या कड्यांचा जुडगा असतो. मौल्यवान खड्यांचे वजन कॅरेटमध्ये सांगतात. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. सोन्याच्या जुन्या मापात ८ गुंजांचा एक मासा आणि १२ माशांचा एक तोळा होत असे.

कापण्याची

पातळ पट्टी कातरीने कापता येते. कातरीने कड किंचित दबते व वाकते, म्हणून कापल्यावर ती कानशीने सरळ करावी लागते. खिडकी किंवा वळणदार आकार कापण्यासाठी कमानीच्या चौकटीत ताणून बसवलेले केसासारखे बारीक करवतीचे पाते वापरतात. पात्याचे दाते मुठीकडे वळलेले असावे लागतात. त्यामुळे पाते खाली ओढताना कापते. पाते ताणलेले असले म्हणजे बोटाने छेडताच त्यातून स्पष्ट झंकार निघतो. ढिले पाते वाकते आणि तुटते. पात्याला मेण लावल्यास घर्षण कमी होते. मेजाच्या कडेला एक लाकडी पट्टी घट्ट बसवतात. तिला पुढून त्रिकोणी खाच असते व पत्रा तिच्यावर टेकवून कापतात.

वाकवण्याची व ठोकण्याची

पट्टी वळवण्यासाठी एक जबडा गोल व एक सपाट असलेली पक्कड सोयीची असते. गोल जबडा वळणाच्या आतील बाजूस ठेवतात, म्हणजे बाहेरून खाचा पडत नाहीत. पकडीच्या जबड्यांना दाते नसावेत. पत्रा सपाट करण्यासाठी गुळगुळीत ऐरण आणि लाकडाची किंवा शिंगाची मोगरी लागते. लोखंडी हातोडीने धातू पसरतो व पातळ होतो. मोगरीने तो पातळ न होता केवळ वळतो. अंगठीचे कडे गोल करण्यासाठी निमुळता पोलादी गज असतो व त्यावर मापाच्या खुणा कोरलेल्या असतात.

ठोकल्याने किंवा वाकवल्याने चांदी कडक होत जाते आणि पुढे तडकते. ती पुन्हा मऊ करण्यासाठी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवतात. ही लाली उजेडात दिसत नाही, म्हणून तापवण्याची जागा सावलीत असणे इष्ट ठरते.

झाळण्याची

पट्टीची दोन टोके एकमेकांना आणि पट्टी तळपत्र्याला जोडण्यासाठी कमी तापमानाला वितळणारा जोडधातू वापरतात. त्याला झाळ म्हणतात व जोडण्याच्या क्रियेला झाळणे. बोलीभाषेत यालाच डाग देणे असेही म्हणतात. चांदीची झाळ चांदी, तांबे व जस्त यांच्या मिश्रणाची असते. तिचे कठीण, मध्यम व सोपी असे प्रकार असून त्या साधारणतः ६५० ते ७८० अंश सेल्सियस या दरम्यान वितळतात. शुद्ध चांदी ९६२ अंशांच्या आसपास वितळते. ९२५ ची चांदी ८०० अंशांच्या सुमारास वितळू लागते. झाळ वितळणे आणि दागिना वितळणे यांत अंतर थोडेच असते, म्हणून आग आवरण्याचे कसब या कामात सर्वांत उशिरा हाती येते.

टाकणखार हे झाळण्यातील आवश्यक द्रव्य आहे. त्याला सवागी असेही म्हणतात. पाण्यात उगाळलेला टाकणखार सांध्याला लावला की तो तापून काचेसारखा पसरतो व हवेतील ऑक्सिजनपासून धातूचे रक्षण करतो. सांधा काळा पडला तर झाळ त्यात शिरत नाही.

आगीसाठी पूर्वी बागेसरी म्हणजे सोनाराची लहान शेगडी आणि तोंडाने हवा मारण्याची फुंकणी वापरत. दिव्याची ज्योत फुंकणीने वाकवून हव्या त्या सांध्यावर नेण्याची रीत अजूनही काही ठिकाणी दिसते. सध्या गॅसचा बर्नर किंवा ब्युटेन वायूची हातातली ज्योतनळी अधिक प्रचलित आहे. काम कोळशाच्या ठोकळ्यावर किंवा उष्णतारोधक विटेवर ठेवतात. झाळेचे तुकडे उचलण्यासाठी बारीक टोकाचा चिमटा आणि तापलेले काम उचलण्यासाठी सांडशी लागते.

स्वच्छ करण्याची

झाळल्यानंतर दागिन्यावर टाकणखाराची काच आणि काळा थर उरतो. तो काढण्यासाठी सौम्य आम्लाचे कोमट पाणी वापरतात. मोठ्या कारखान्यांत पातळ केलेले गंधकाम्ल असते. घरगुती कामाला तुरटी किंवा लिंबूसत यांचे द्रावण पुरते. या द्रावणात लोखंडी चिमटा घालू नये असा नियम आहे. लोखंडामुळे द्रावणात विरघळलेले तांबे चांदीवर बसते आणि ती गुलाबी दिसते. म्हणून तांब्याचा, लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा चिमटा वापरतात. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात व शेवटी साध्या पाण्यात दागिना धुतात. रिठ्याच्या पाण्याने व मऊ कुंचल्याने दागिने उजळण्याची घरगुती रीतही जुनी आहे.

घासण्याची

कानशींमध्ये एक सपाट, एक अर्धगोल आणि काही सुईकानशी एवढ्यावर काम भागते. कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे ओढताना ती उचलावी, नाहीतर दाते बोथट होतात. पट्टीचा तळ अगदी सपाट करण्यासाठी काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पट्टी गोल फिरवतात. तळ आणि पत्रा यांत फट राहिली तर झाळ ती भरून काढत नाही. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असतील तरच ती त्यांच्यामध्ये ओढली जाते.

खडा बसवण्याची

शेवटच्या टप्प्यासाठी दोन अवजारे लागतात. पहिले दाबणी. लाकडी मुठीत बसवलेला हा आखूड, बोथट पोलादी तुकडा असतो. त्याचे टोक सपाट व कडा गोलसर असतात. पट्टीची कड खड्यावर लोटण्याचे काम दाबणी करते. दुसरे ओपणी. हे गुळगुळीत, किंचित वाकडे व चकचकीत पोलादी हत्यार असते. ते दाबून फिरवले की पट्टीवरील दाबणीच्या खुणा पुसल्या जातात, कड खड्याला चिकटते व चकाकते. धातूला चकाकी देण्याला ओप देणे म्हणतात. त्यावरून या अवजाराचे नाव आले आहे.

दाबताना दागिना हलू नये म्हणून त्याला लाकडी चिमट्यात धरतात किंवा लाखेच्या दांडीवर रोवतात. लाख तापवली की मऊ होते आणि थंड झाल्यावर दागिन्याला घट्ट धरते. काम झाल्यावर ती पुन्हा किंचित तापवून दागिना सोडवतात. उष्णता न सोसणाऱ्या खड्यांसाठी लाकडी चिमटाच वापरला जातो.

पट्टीच्या लांबीचे गणित

पट्टीची लांबी चुकली की पुढचे सर्व काम वाया जाते. गोल खड्यासाठी सूत्र असे आहे: खड्याचा व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले ३.१४. पट्टीची जाडी मिळवावी लागते, कारण पट्टी वळताना तिची आतील बाजू आखडते व बाहेरील ताणली जाते. खरी लांबी या दोहोंच्या मधल्या रेषेवर मोजली जाते.

लंबगोल खड्यासाठी लांबी व रुंदी यांची सरासरी घेतात. खडा १४ × १० मिलिमीटरचा आणि पट्टी ०.३ मिलिमीटरची असल्यास सरासरी १२, त्यात ०.३ मिळवून १२.३ आणि त्याला ३.१४ ने गुणून सुमारे ३८.६ मिलिमीटर येतात. प्रत्यक्षात या लंबगोलाला सुमारे ३८.९ मिलिमीटर पट्टी लागते. म्हणजे सरासरीचे सूत्र ०.३ मिलिमीटर कमी सांगते. खडा जितका लांबट तितका हा फरक वाढतो. म्हणून पट्टी थोडी लांब कापून ती खड्याभोवती गुंडाळतात, टोके जिथे एकमेकांवर येतात तिथे सुईने खूण करतात व मग कानशीने हळूहळू मापावर आणतात. कागदाची पट्टी गुंडाळून माप घेण्याची रीत नैसर्गिक, वेड्यावाकड्या आकाराच्या खड्यांसाठी उपयुक्त आहे.

कामाचा क्रम

कोंदणकामात क्रमाला विशेष महत्त्व आहे. आगीचे प्रत्येक काम खडा बसवण्याच्या आधी संपलेले असावे लागते. बहुतेक खडे ज्योतीच्या उष्णतेने तडकतात किंवा रंग बदलतात. मोती व पोवळे तर सरळ नष्ट होतात.

१. खडा तपासणे. तळ सपाट आहे का, कडेला टवका किंवा चीर आहे का हे पाहतात. चिरेचा खडा दाबणीखाली फुटतो.

२. पट्टी कापून तिची टोके काटकोनात घासणे व ती एकमेकांना पूर्ण भिडवणे. उजेडासमोर धरल्यावर सांध्यातून प्रकाश दिसू नये.

३. सांधा कठीण झाळेने जोडणे. या वेळी पट्टीचा आकार नेमका नसला तरी चालतो.

४. जोडलेली पट्टी गजावर मोगरीने गोल करणे आणि खड्यावर चढवून पाहणे. खडा थोड्या घर्षणाने, पण जोर न लावता आत जावा. पट्टी किंचित लहान असल्यास गजावर ठोकून ताणता येते. मोठी असल्यास सांधा कापून पुन्हा जोडावा लागतो.

५. पट्टीचा तळ सपाट घासून ती मध्यम झाळेने तळपत्र्याला जोडणे. ज्योत आधी जाड पत्र्यावर फिरवतात. पातळ पट्टी लवकर तापते व वितळण्याचा धोका असतो. झाळ नेहमी जास्त तापलेल्या भागाकडे धावते.

६. आम्लाच्या पाण्यात स्वच्छ करून जादा पत्रा करवतीने कापणे आणि कड कानशीने पट्टीच्या रेषेत आणणे. खिडकी हवी असल्यास तीही याच वेळी कापतात.

७. अंगठीचे कडे किंवा पदकाची कडी सोप्या झाळेने जोडणे. प्रत्येक पुढची झाळ आधीच्या झाळेपेक्षा कमी तापमानाला वितळणारी असल्याने जुने सांधे सुटत नाहीत. झाळेचे तीन प्रकार ठेवण्याचे हेच कारण आहे.

८. सर्व ओरखडे काढून दागिना जवळजवळ पूर्ण उजळणे.

९. खडा आत ठेवून पाहणे. या वेळी खड्याखाली एक दोरा आडवा ठेवतात. खडा घट्ट अडकल्यास दोऱ्याची दोन्ही टोके ओढून तो बाहेर काढता येतो. दोरा न ठेवता अडकलेला खडा काढताना पट्टी वाकते किंवा खडा फुटतो.

१०. पट्टी दाबणे. आधी समोरासमोरच्या दोन बाजू, मग त्यांच्या काटकोनातील दोन बाजू आणि नंतर उरलेले मधले भाग दाबतात. एका बाजूने सुरू करून सलग गोल फिरल्यास सारा जादा धातू शेवटच्या बिंदूपाशी गोळा होतो व तेथे घडी पडते.

११. ओपणी फिरवून कड खड्याला टेकवणे व शेवटचा ओप देणे.

नेहमी होणारे दोष

खडा हलतो व वाजतो: पट्टी मोठी झालेली असते किंवा तिची उंची कमी असते. खड्याखाली लाकडाचा भुसा अथवा पातळ पत्रा घालून खडा उचलता येतो, परंतु मुळात आखूड असलेल्या पट्टीवर हा कायमचा उपाय नव्हे.

पट्टीला सुरकुत्या: उंची जास्त असते किंवा दाबण्याचा क्रम चुकलेला असतो.

सांधा उघडतो: टोके नीट भिडलेली नसतात किंवा सांधा तेलकट असतो.

झाळेचा गोळा होतो आणि ती पसरत नाही: धातू अस्वच्छ असतो किंवा ज्योत केवळ झाळेवर धरलेली असते. तापवायचे असते ते धातूला. पुरेशा तापलेल्या धातूवर झाळ आपोआप वितळून पसरते.

कपड्यांत धागे अडकतात: कड खड्याला पूर्ण टेकलेली नसते. तयार दागिन्यावरून कापूस फिरवून ही चाचणी घेतात. कापसाचा तंतू अडकला तर त्या जागी पुन्हा ओपणी फिरवावी लागते. खडा हरवण्याची सुरुवात बहुधा अशाच सुटलेल्या कडेपासून होते.

सुरक्षितता

दगड घासताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांत साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. खंभात परिसरातील अकीक घासणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला असून अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याचा अभ्यास केला आहे. धूळ कोरड्या घासणीत घासणाऱ्यापुरती राहत नाही. घरातच काम चालत असल्यास ती कुटुंबीयांच्या व शेजाऱ्यांच्याही श्वासात जाते. म्हणून दगड नेहमी पाण्याखाली किंवा पाणी सोडत घासावा, धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि योग्य दर्जाचा धूळरोधक मुखपट्टा वापरावा. साधा रुमाल ही धूळ अडवत नाही. तयार घासलेला खडा विकत घेणाऱ्या कोंदणकाराला हा धोका नसतो. मात्र खड्याचा तळ कानशीने किंवा चाकावर दुरुस्त करताना तो पुन्हा उद्भवतो.

दुसरा धोका झाळेतील कॅडमियमचा आहे. भारतीय बाजारात केडीएम या नावाने ओळखल्या गेलेल्या सोन्याच्या दागिन्यांत कॅडमियमयुक्त झाळ वापरली जात असे. कॅडमियम ७६७ अंश सेल्सियसला उकळते, म्हणजे झाळण्याच्या तापमानातच त्याची वाफ होते. ही वाफ फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक असते. झाळ विकत घेताना ती कॅडमियममुक्त असल्याची खात्री करणे व हवा खेळती असलेल्या जागी काम करणे हे त्यावरचे उपाय आहेत.

आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही घालू नये. आगीजवळ सैल ओढणी, पदर व मोकळे केस आवरलेले असावेत. करवतीची पाती वारंवार तुटून उडत असल्याने डोळ्यांवर चश्मा आवश्यक ठरतो.

परंपरा व सद्यस्थिती

सोनाराच्या हत्यारांची जुनी मराठी नावे संतसाहित्यात जतन झाली आहेत. पंढरपूरचे संत नरहरी सोनार यांच्या प्रसिद्ध अभंगात बागेसरी, मूस, कातरी, ताजवा ही अवजारे देह, मन व ज्ञान यांची रूपके म्हणून येतात. अचूक मापाचे महत्त्वही त्यांच्या आख्यायिकेत आहे. विठ्ठलमूर्तीसाठी न पाहता घडवलेला कमरेचा दागिना एकदा आखूड व एकदा सैल झाला, अशी ती कथा आहे.

दिग्रस-पुसद भागात बंजारा समाजाची मोठी वस्ती असून दिग्रसपासून जवळच, वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे या समाजाचे श्रद्धास्थान आहे. बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक पोशाखात आरसे, कवड्या व नाणी यांचा वापर होतो. कापडावरील आरशाला छिद्र नसते. त्याच्या कडेवरून चहूबाजूंनी टाके घेऊन केलेली दोऱ्याची चौकट त्याला धरून ठेवते. साहित्य निराळे असले तरी कडेवर पकड ठेवून मध्य मोकळा सोडण्याचे तत्त्व कोंदणपट्टीचेच आहे.

विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव आणि पश्चिम महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी ही गावे चांदीकामासाठी ओळखली जातात. यंत्रावर ओतलेल्या दागिन्यांत कोंदण साच्यातच तयार होते. ठरावीक मापाच्या खड्यांना ते स्वस्त पडते. ग्राहकाने आणलेला जुना, वडिलोपार्जित किंवा नदीकाठी मिळालेला एकमेव आकाराचा खडा मात्र कोणत्याही तयार साच्यात बसत नाही. त्याच्यासाठी पट्टी हातानेच मापून वळवावी लागते. लहान गावांतील कारागिरांकडे येणारे दुरुस्तीचे कामही बहुतांशी याच स्वरूपाचे असते.

सोन्याच्या दागिन्यांवर १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्यास सुरुवात झाली. पारंपरिक कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सोनारकामाचा समावेश आहे. या योजनेत प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे.

हे सुद्धा पहा

अकीक
दख्खनचे पठार
नथ
संत नरहरी सोनार
सिलिकोसिस
टाकणखार